जीकॉम्प्रीच्या मराठी अक्षरयाद्या कोणी करायच्या, शिक्षकांनी की स्वयंसेवकांनी?

काना_मात्रा:
जीकॉम्प्री हे शैक्षणिक खेळांचं सॉफ्टवेअर २००० साली ब्रूनो कूदोआँ या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलं. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे, फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. ते मराठीत आणताना मेनूचं भाषांतर कोणीही करेल. घोडं अडतं ते अक्षरं वरून पडतात त्या खेळात. कुठल्या पातळीला कुठली अक्षरं यायची, हे प्रत्येक भाषेच्या एका छोट्या जेसन फाइलमध्ये, म्हणजे ठरावीक खुणांनी लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, लिहिलेलं असतं. स्वयंसेवक बसला की क ख ग घ ङ असा वर्णमालेचा क्रम टाकून मोकळा होतो. म्हणजे पहिल्याच दिवशी मुलापुढे ङ! शाळेत अक्षरगटांनी शिकवतात: चारपाच अक्षरं, लगेच त्यांना काना, लगेच त्यांचे शब्द. हा क्रम पहिलीच्या बाईंना पाठ असतो. म्हणून माझं मत ठाम आहे, याद्या शिक्षकांनीच कराव्यात.

दुसरी_घंटा:
साफ नामंजूर. द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग सांभाळून पोषण आहाराच्या नोंदी आणि यूडायस या सरकारी शालेय नोंदणीची माहिती भरणाऱ्या माणसाला आता जेसनही लिहायला सांगणार? अक्षरगट पहिलीच्या पुस्तकात छापलेलेच आहेत, आणि बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये सहज मिळतात. कच्ची यादी स्वयंसेवकाने त्यावरून करावी, छापून शाळेत न्यावी, बाईंनी लाल पेनाने खुणा कराव्यात. एका तासिकेचं काम आहे. फक्त पुस्तकातली चित्रं आणि कविता उचलू नका. पीडीएफ फुकट असली तरी हक्क राखीव आहेत, आणि जीकॉम्प्रीत मुक्त परवान्याचाच मजकूर चालतो.

टर्मिनलकर:
शिक्षकांकडून थेट फाइल मागवू नका, याला माझा पाठिंबा, पण कारण वेगळं. वर्डमध्ये टाइप केलं की सरळ अवतरणचिन्हं आपोआप वाकडी होतात आणि जेसन वाचलीच जात नाही. शेवटच्या शब्दानंतर एक स्वल्पविराम जास्तीचा राहिला तरी तेच. श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत टाइप केलेली यादी तर पडद्यावर मराठी दिसते, आत रोमन अक्षरांचा कचरा असतो. दोन रकान्यांचा तक्ता मागवा, पातळी आणि अक्षर. पुढचं छोटा प्रोग्राम करतो.

पण खरा वेळ खातो आवाज. प्रत्येक अक्षराची वेगळी ऑग (आवाजाची) फाइल लागते आणि तिचं नाव युनिकोड क्रमांकावरून, म्हणजे संगणकात त्या अक्षराला दिलेल्या क्रमांकावरून, ठरतं: ‘क’ची यू०९१५, ‘का’ची यू०९१५०९३ई. नावात एक आकडा चुकला तर ते अक्षर मुकं. ‘क’ म्हणजे नुसता ‘क’ बोलायचा, ‘क कमळाचा’ नाही. सुरुवातीची शांतता ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्राममध्ये कापा, नाहीतर अक्षर निम्म्यावर आल्यावर आवाज येतो. सगळं एकाच व्यक्तीने, पंखा बंद करून बोलावं.

काना_मात्रा:
आवाज मग बाईंचाच का नको? आणि लाल पेनाची तपासणी म्हणजे शिक्षकाला शेवटी सहीपुरतं बोलावणं. चित्र-शब्दांच्या खेळात चित्रं आधीच ठरलेली, इथल्या मुलांसाठी निवडलेली नाहीत. त्यातली कुठली पालघरच्या पाड्यावरच्या मुलाला ओळखू येतील, हे स्वयंसेवकाला कसं कळणार? ती गाळायची की उशिराच्या पातळीला ढकलायची, हा निर्णय वर्गात उभं राहणाऱ्याचाच.

खडू_फळा:
आधी संगणक कक्षाचं कुलूप उघडा, मग भांडा.

दुसरी_घंटा:
चित्रांचं मान्य. आवाजाचं नाही. पुढच्या आवृत्तीत नवे शब्द आले आणि तोवर बाईंची बदली झाली, तर अर्धे शब्द एका आवाजात, अर्धे दुसऱ्या. जो गटात टिकणार, त्यानेच बोलावं.

टर्मिनलकर:
अजून एक, दोघांनाही न दिसलेलं. ‘दऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ (युनिकोड ०९३१) घेऊन, किंवा साधा र, हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) आणि शून्य-रुंदी जोडक हे न दिसणारं चिन्ह (२००डी). पडद्यावर दोन्ही सारखेच, प्रोग्रामला मात्र वेगळे. यादीत एक आणि मुलाच्या कीबोर्डवर दुसरा असला तर बरोबर टाइप करूनही चूक धरली जाते. लाल पेनाला हे सापडणार नाही. शिवाय फॉन्ट: ल आणि श ची मराठी वळणं गूगलच्या नोटो या देवनागरी फॉन्टमध्ये आहेत, पण मजकुराची भाषा मराठी असं प्रोग्रामने सांगितलं तरच ती उमटतात, नाहीतर हिंदी वळणं दिसतात. हे मात्र पहिलीच्या बाई पडदा पाहताक्षणी ओळखतील. तेव्हा कागदावर नको, शाळेच्याच संगणकावर, शाळेच्याच कीबोर्डने तपासू द्या.