कुत्र्याला भाजले, तर दंड पन्नास रुपये: एवढे पुरे आहे का?

मूळ मांडणी (इंदिरानगर, नाशिक)

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या वाहनतळात निजलेल्या कुत्रीच्या अंगावर कोणीतरी उकळते पाणी ओतले. पाठीची कातडी सोलून निघाली होती, तरीही सकाळी दूधवाल्याची चाहूल लागताच ती शेपूट हलवत उठली. जखमेवर माश्या बसू नयेत म्हणून शेजारीण आणि मी नऊ दिवस तिला मलम लावत होतो. त्याच काळात कायदा वाचला. नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी संसदेत ज्या विषयाचा पाठपुरावा केला, त्यातून आलेल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. तेव्हा ही रक्कम खिशाला जाणवत असेल. आज कॉलेज रोडवर तेवढ्यात मिसळही मिळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा निकामी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, परंतु भाजलेली कुत्री बरी झाली, तर ती ‘निकामी’ ठरते का, यावरच वाद सुरू होतो. माझ्या मते कलम ११ मधील दंड हजारांत गेला पाहिजे, आणि त्यासाठीच्या अर्जावर मी सह्या गोळा करत आहे.

प्रतिसाद (अंबड)

उकळते पाणी ओतणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. मात्र रात्रपाळी संपवून मी दुचाकीवरून परततो, तेव्हा वळणावर सहा-सात कुत्री अंगावर येतात आणि मी दगड उचलतो. मला त्याची लाज वाटत नाही. एकदा ब्रेक दाबताना घसरलो, गुडघा फुटला, पंधरा दिवसांचा रोज बुडाला. तुमच्या वाढीव दंडाच्या कायद्यात माझा दगड क्रौर्यात मोजायचा की स्वसंरक्षणात, हे आधी लिहा.

प्रतिसाद (नाशिकरोड)

माझ्या आठ वर्षांच्या मुलाला जिन्याच्या पायथ्याशीच कुत्रे चावले, कारण एक दयाळू ताई तिथेच दूधभात ठेवत असत. पंधरा मिनिटे साबणाच्या पाण्याने जखम धुणे, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनची टोचणी आणि पुढे लसीच्या तारखा हे सारे आम्ही पाळले, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ वाचतच नाही. तो अजून जिन्यावरून एकटा उतरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातील कुत्री उचलून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश दिला. मग मुले जिथे दिवसभर खेळतात, त्या सोसायटीलाच वेगळा न्याय का?

प्रतिसाद (पंचवटी, निवृत्त पशुवैद्यक)

दंड वाढवा अथवा वाढवू नका, कुत्री त्याने कमी होणार नाहीत. मादी सुमारे ६३ दिवसांत विते आणि वर्षातून दोनदा विऊ शकते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत निर्बीजीकरण, रेबीजची लस आणि मग मूळ जागी परत सोडणे असा क्रम आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. उचलून दूर सोडलेले कुत्रे परक्या टोळीच्या तोंडी जाते आणि इथल्या रिकाम्या जागेत उकिरड्याच्या ओढीने दुसरे येते. सिंहस्थाच्या तोंडावर कुत्री शहराबाहेर नेण्याची सूचना कोणी केली, तर हे लक्षात ठेवावे. मात्र खाऊ घालणाऱ्यांनाही माझा प्रश्न आहे: रोज ताटली भरता, मग मादीला पकडून देण्याच्या दिवशी कुठे असता? तुमच्या हातचे खाणारे कुत्रेच सहज पकडता येते. बाकीच्यांमागे जाळी घेऊन अर्धा दिवस धावावे लागते.

मूळ लेखिकेचे उत्तर

अंबडच्या दादांना एवढेच सांगते की अंगावर आलेल्या कुत्र्याला दूर ठेवणे आणि झोपलेल्याला भाजणे यांतला फरक कोणालाही कळतो. नाशिकरोडच्या दादांचे म्हणणे मात्र मला टाळता येत नाही. याच २०२३ च्या नियमांत खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून दूर असावी, असे म्हटले आहे. आमची ताटली लिफ्टच्या दाराशी होती, ती आता हलवली. डॉक्टरांच्या प्रश्नानंतर काल गल्लीत फिरून मोजले: अकरा कुत्री, कानाला खाच दोघांनाच. भाजलेल्या कुत्रीच्याही कानाला खाच नाही, आणि चार वर्षे तिला खाऊ घालणारी मीच.

प्रतिसाद (नाशिकरोड)

ताटली हलवलीत, हे बरे केलेत. दंडवाढीला माझा विरोध नाही, पण उरलेल्या नऊ जणांच्या शस्त्रक्रिया होईपर्यंत तुमच्या अर्जावर मी सही करणार नाही.

मूळ लेखिकेचे उत्तर

ठीक आहे. भाजलेल्या कुत्रीची जखम भरली की पहिली तीच जाईल. पकडण्याच्या दिवशी मी स्वतः हजर असेन.