स्विफ्टला १८५/७० आर १५ टायर न घासता बसतील का?

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट, कंपनीचे टायर १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ८०%, रिम १४ इंची). दारव्हा तालुक्यात शेतापर्यंत पांदण रस्ता. बंडीच्या (बैलगाडीच्या) चाकोऱ्यांमधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो.

वरच्या मॉडेलचे १८५/६५ आर १५ घेणार होतो, पण हिशेब केला तर व्यास ६२० चा जेमतेम ६२१.५ मिमी होतो. मग फायदा काय? १८५/७० चा व्यास ६४०, म्हणजे गाडी १० मिमी वर. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा खरा वेग साडेब्याऐंशीच्या आसपास, तेवढं चालेल.

अडचण आतल्या जागेची. स्टेअरिंग पूर्ण वळवून आणि मागे सोयाबीनची पोती टाकूनही पाहिलं, सध्याचे टायर कुठे घासत नाहीत. पण समोर स्प्रिंगची वाटी आणि टायर यांच्यामध्ये कसंबसं बोट जातं. टायरवाला "बसते ना भाऊ" म्हणतो, मोजून मात्र पाहत नाही. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) टाकायचा नाही, सस्पेन्शनलाही हात लावायचा नाही.

हा साइज कोणी प्रत्यक्ष वापरलाय का? रिमची रुंदी आणि ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बोल्टची बाजू किती आत-बाहेर आहे ते अंतर) किती होता, आणि पावसाळ्यात काळी माती भरल्यावर आतल्या प्लास्टिकला टायर घासला का?