जॉन हार्ट: हुतात्मा की खाऊनपिऊन सुखी जमीनदार?

रानवारा: ४ जुलै आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर तो मेसेज फिरतोच. १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली म्हणून इंग्रजांनी इथल्याच होपवेल गावच्या गरीब शेतकऱ्याला, जॉन हार्टला, मरणासन्न बायकोच्या उशापासून हुसकावलं. वर्षभर तो गुहांत लपला, परतला तर बायको गेलेली, १३ मुलं परागंदा. वाचून गळा दाटतो, पण बायको वारली ८ ऑक्टोबर १७७६ ला आणि इंग्रज फौज तिकडे पोचली डिसेंबरात! अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनने २६ डिसेंबरला जवळचं ट्रेंटन शहर घेतल्यावर हा बाबा थोड्याच दिवसांत घरी. शिवाय सह्या करणाऱ्यांची नावं छापली गेली जानेवारी १७७७ मध्ये. मग सहीचा सूड कसला? बंद करा हे फॉरवर्ड.

माळकरी: तारखा मान्य, निष्कर्ष नाही. सहीचं सोडा, हार्ट तेव्हा न्यू जर्सीच्या विधानसभेचा सभापती होता. त्याला ओळखायला छापील यादी कशाला हवी? साठी उलटलेला माणूस, दोन महिन्यांपूर्वी बायको गेलेली, ऐन थंडीत घर सोडून पळतो. पकडला असता तर राजद्रोहाचा खटला होता. गुहेत एक रात्र काढली की शंभर, काय फरक पडतो?

रानवारा: पडतो ना! एक रात्र म्हणजे धावपळ, वर्षभर म्हणजे पुराण. आणि गरीब कुठला? शेकडो एकरांचा मालक. १७४७ मध्ये बाप्टिस्ट पंथाच्या ख्रिश्चनांना चर्चसाठी जमीन दिली, तीही स्वतः दुसऱ्या, प्रेस्बिटेरियन पंथाचा असून. जेमतेम शिकलेला शेतकरी न्यायाधीश झाला, सभापती झाला. खरी गोष्ट ही आहे. तीच कुणी पाठवत नाही.

खडीसाखर: गुलामही होते त्याच्याकडे. 'सर्व माणसं समान' म्हणणाऱ्या जाहीरनाम्याखाली सही करून शेतावर गुलाम! हुतात्मा म्हणे.

माळकरी: गुलामगिरीचं समर्थन कोण करतंय? पण त्याने काहीच सोसलं नाही, हे मला पटत नाही. जून १७७८ मध्ये, इंग्रजांशी झालेल्या मॉनमथच्या लढाईआधी, वॉशिंग्टनच्या सुमारे १२ हजार सैनिकांचा तळ त्याच्या शेतात पडला. त्याने स्वतः बोलावलं होतं. ऐन पिकाच्या दिवसांत! वावर तुडवून घेणं म्हणजे काय, ते शेतकऱ्याला विचारा. पुढच्या मे महिन्यात गेलाच तो, आजारपणात.

रानवारा: मग फॉरवर्डमध्ये तो तळ घाला. गुहा कशाला?

खडीसाखर: आणि ते वावर कसत कोण होतं, तेही घाला.