गेटसमोर चालू ठेवलेली इंजिनं

"पाच-दहा मिनिटं इंजिन चालू राहिलं तर काय बिघडतं, या उकाड्यात एसी नको का?" असं शाळेच्या गेटबाहेर गाडी चालू ठेवण्याबद्दल एकांनी विचारलंय. मी रोज दुपारी ठाण्यातल्या घोडबंदर रोडजवळच्या एका शाळेतून नातीला आणतो, म्हणून लिहितो. आधीच घोडबंदरची धूळ आणि ट्रकचा धूर, त्यात गेटला चिकटून गाड्यांची रांग. सायलेन्सरचा धूर बाहेर पडतो तो थेट बालवाडीतल्या पोरांच्या तोंडाजवळ. मुलांचा श्वासही मोठ्यांपेक्षा जलद, म्हणजे वजनाच्या मानाने त्यांच्या फुफ्फुसात जास्त धूर जातो. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलंय.

एसीचं म्हणाल तर मुलं अजून वर्गातच असतात. थंडावा आपल्याला हवा असतो. गाडी लांब झाडाखाली लावून गेटपर्यंत चालत जाता येतं. व्हॅनवाल्या दादांशी मी स्वतः बोललो. नीट सांगितल्यावर दोघांनी लगेच इंजिन बंद केलं. पालकसभेत हा विषय घ्या, आणि सुटायच्या वेळी गेटवर वॉचमनलाच सांगायला लावा.