झोप फार सावध आहे, काय करू?

नमस्कार. माझी झोप लहानपणापासूनच सावध. आई म्हणायची, मांजर गेलं तरी ही उठून बसते. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. आता ४३ वर्षांची आहे आणि गेलं वर्षभर सलग चार तासही झोप होत नाही.

डोंबिवलीत रुळांच्या बाजूला घर आहे. लोकलच्या आवाजाची सवय झाली. पण मध्यरात्री मालगाडीचा भोंगा, खालचं गेट, फ्रिज सुरू होतानाचा खट् आवाज... शांततेत अचानक काही वाजलं की जाग येतेच. म्हणून थंडीतसुद्धा पंखा पाचवर ठेवते. त्या एकसुरी घरघरीत बारीकसारीक आवाज बुडतात. आत्तापर्यंत हाच एक उपाय थोडाफार लागू पडलाय. दुपारनंतरचा चहा सोडला, त्याने झोप लवकर लागते, पण मोडायची ती मोडतेच.

फोमचे इअरप्लगही आणले. बोटांत वळून, कान वर ओढून नीट बसवले तर आवाज खूप कमी होतो. अडचण वेगळीच आहे. शेजारच्या खोलीत सासूबाई असतात, वय ८१. रात्री दोनदा तरी त्यांना बाथरूमला न्यावं लागतं. त्यांची हाक ऐकूच आली नाही तर? या भीतीने तासाभरात प्लग काढून टाकते.

घरात वयस्कर माणूस असताना कुणी इअरप्लग वापरता का? त्यांच्या हाताशी बेलचं बटण आणि माझ्या मनगटावर थरथरणारं काही, असं मिळतं का? आणि खिडकीला दुहेरी काच बसवून भोंगा खरंच कमी ऐकू येतो का? खर्च मोठा आहे, म्हणून आधी विचारतेय. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.