घरच्या पीसीवर विंडोज-लिनक्स दोन्ही. घड्याळ चुकते, डी ड्राइव्हमधे सेव्ह होत नाही, उद्या बैठक आहे

रानजाई · संध्याकाळी 6:40
नमस्कार. दोन दिवसांपासून डोकं पिकून गेलं. घरच्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टम आहेत. सुरू केला की काळ्या पाटीवर यादी येते, त्यातून निवडायचं. आता एकीतून दुसरीत गेलं की घड्याळ चुकते, आणि डी ड्राइव्हमधल्या फाईलमधे काही लिहिलं की सेव्हच होत नाही. आधी चालत होतं. मी बचत गटांच्या ग्रामसंघाचा हिशोब लिहिते, सगळ्या फाईली डीमधेच आहेत. उद्या 11 वाजता बैठक आहे. व्हायरस असेल काय? लवकर सांगा.

जुना_कारागीर · 6:52
ताई, घड्याळ चुकते म्हणजे मदरबोर्डवरची बॅटरी गेली. सीआर 2032 नंबरची, नाण्याएवढी गोल असते. 15 वर्षं हेच काम करतो, घड्याळाची दहा गिऱ्हाईकं आली तर आठ जणांची बॅटरीच निघते. तालुक्याला कोणत्याही दुकानात मिळते. बदलून टाका, प्रश्न संपला.

रानजाई · 6:58
आता सात वाजत आले. तालुका 18 किलोमीटर, शेवटची गाडी गेली. आज रात्री घरी बसून होईल असं काही सांगा ना भाऊ.

संत्रापट्टा · 7:03
दोन दोन सिस्टम ठेवता काहून? लिनक्स काढून टाका, विंडोज 11 टाकून घ्या. मी वरूडला तेच केलं, तेव्हापासून एक त्रास नाही.

टर्मिनलप्रेमी · 7:09
विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ताईंचा कोणता आहे ते माहीत नसताना सल्ला कसा देता? माझं मत उलटं आहे. विंडोजच काढा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. हिशोबाला लिब्रेऑफिस पुरून उरतं.

रानजाई · 7:15
विंडोज काढता येत नाही. पोरगी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करून राहिली, मराठी 30 चा स्पीड. तिच्या सरावाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते. आणि लिनक्स पण काढायचं नाही, माझ्या भावानं दिवाळीत मुद्दाम टाकून दिलं. तो म्हणाला इंटरनेट आणि बँकेचं काम यातच करत जा. तो आता पुण्याला कंपनीत आहे, रात्रपाळी चालू आहे, फोन उचलत नाही.

कोरडवाहू · 7:21
ताई, आधी जरा माहिती द्या. यातलं सगळ्यात महत्त्वाचं पहिलं आहे.
घड्याळ किती चुकते? अगदी तास-मिनिटं सांगा. पुढे जाते की मागे? विंडोजमधे चुकते की लिनक्समधे?
कोणतं लिनक्स आहे?
सेव्ह होत नाही तेव्हा पडद्यावर काय लिहून येते?
आणि कॉम्प्युटर बंद करताना शट डाऊन करता की रीस्टार्ट?

रानजाई · 7:34
लिनक्स मिंट. हिरवं पान आहे चिन्हावर. सेव्ह करताना "रीड ओन्ली" असं येते. किती चुकते ते मोजलं नाही, चुकते एवढं खरं. एक गोष्ट मात्र सांगते, मी घाबरले ती त्यानंच. काल डीमधे सेव्ह झालं नाही म्हणून मी ती फाईल लिनक्सच्या डॉक्युमेंट्समधे ठेवली. आज सकाळी पाहिलं तर फाईलवर वेळ रात्री 2 वाजून 25 मिनिटं, आणि तारीख आजची! त्या वेळी घरात सगळे झोपून होते. अकरा गटांच्या बायांच्या पैशाचा हिशोब आहे. कोणी बाहेरून आत शिरलं असेल काय? बैठकीत कोणी ही तारीख पाहिली तर मी काय सांगू?

कोरडवाहू · 7:38
घाबरू नका. काल रात्री ती फाईल तुम्ही 8 वाजून 55 मिनिटांच्या सुमारास सेव्ह केली होती का? आठवून सांगा.

रानजाई · 7:44
हो! जेवणं आटोपून बसली होती, नऊच्या बातम्या लागायच्या होत्या. तुम्हाला कसं कळलं?

कोरडवाहू · 7:58
2:25 मधून साडेपाच तास वजा केले. म्हणजे कोणी शिरलेलं नाही आणि व्हायरसही नाही.

मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असते, कॉम्प्युटर बंद असला तरी चालत राहते. विंडोज त्या घड्याळात आपली इथली वेळ लिहिते. लिनक्स त्यात जागतिक वेळ आहे असं धरून चालते आणि स्वतः साडेपाच तास मिळवून दाखवते, कारण भारताची वेळ जागतिक वेळेच्या 5 तास 30 मिनिटं पुढे आहे. विंडोजनं रात्रीचे 8:55 लिहून ठेवले, लिनक्सनं त्यात साडेपाच मिळवले, झाले 2:25, तारीखही पुढची झाली.

आता एक विचारतो. काल रात्री लिनक्समधे इंटरनेट सुरू होतं का?

रानजाई · 8:02
नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट लागेल तेव्हाच लावते. काल लावला नव्हता.

कोरडवाहू · 8:10
मग बरोबर जुळते. नेट मिळालं की लिनक्स खरी वेळ आणून स्वतःला सुधारते, आणि मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवते. त्यानंतर विंडोज उघडलं की तिथे घड्याळ साडेपाच तास मागे पडते. हॉटस्पॉट लावला नाही, तर विंडोज ठीक आणि लिनक्स साडेपाच तास पुढे. म्हणून तुम्हाला कधी इकडे चुकते, कधी तिकडे, असं वाटत असेल.

रानजाई · 8:13
अगदी हेच. कधी बरोबर असते, कधी नसते. म्हणूनच मला सांगता येत नव्हतं.

जुना_कारागीर · 8:16
बॅटरी तरी पाहून घ्याच. जुन्या मशीनमधे दोन्ही असू शकते.

कोरडवाहू · 8:20
कारागीर भाऊ, बॅटरी गेली तर प्रत्येक वेळी नेमके साडेपाच तास कसे चुकतील? ती गेली की घड्याळ कुठल्या तरी जुन्या वर्षावर जाते, बायोसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगही पुसल्या जातात. इथे यादी बरोबर येते, वर्ष बरोबर आहे.

घड्याळमित्र · 8:24
साडेपाच तासांचा विषय निघाला म्हणून सांगतो. हे साडेपाच आले 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून, ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. एका अंशाला 4 मिनिटं. नागपूर साधारण 79 अंशांवर आहे, म्हणजे सूर्यानुसार नागपूरची वेळ घड्याळाच्या 13-14 मिनिटं मागे. झिरो माईलच्या दगडाजवळ काठी उभी करून सावली पाहा, बहुतेक दिवस भर दुपार बारानंतरच होते. यवतमाळ आणखी पश्चिमेला, तिथे अजून उशिरा.

टर्मिनलप्रेमी · 8:27
माहिती छान आहे, पण ताईंची बैठक उद्या आहे. डी ड्राइव्हचं सांगतो. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून एनटीएफएसफिक्स हा प्रोग्राम चालवा, डीवरची खूण निघून जाते आणि लगेच लिहिता येते. दोन मिनिटांचं काम.

कोरडवाहू · 8:33
कृपा करून ते चालवू नका ताई. त्यानं ड्राइव्ह दुरुस्त होत नाही, फक्त "नीट बंद झाला नाही" ही खूण पुसली जाते. विंडोजनं डीची माहिती आठवणीत धरून ठेवली असेल आणि इकडून तुम्ही फाईल बदलली, तर विंडोज जागं झालं की जुनी माहिती वरून लिहिते. फाईल खराब होऊ शकते. अकरा गटांचा हिशोब आहे त्यात.

टर्मिनलप्रेमी · 8:36
माझ्या मशीनवर कित्येकदा केलं, काही झालं नाही.

कोरडवाहू · 8:41
तुमचं झालं नसेल, मानतो. माझ्या शाळेच्या कॉम्प्युटरवर निकालाचा एक फोल्डर असाच गेला होता, म्हणून सांगून राहिलो. दुसऱ्याच्या पैशाच्या फाईलवर हा प्रयोग नको.

ताई, माझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. शट डाऊन करता की रीस्टार्ट?

रानजाई · 8:46
रात्री पोरीचा सराव झाला की ती विंडोजमधून शट डाऊन करते. सकाळी मी लिनक्समधे उघडते. त्यात काय? बंद तर बंदच ना?

कोरडवाहू · 8:59
तिथेच मेख आहे. विंडोज 10 मधे फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते, बहुतेक मशीनवर ती आपोआप सुरूच असते. ती सुरू असली की शट डाऊन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. सकाळी लवकर उठता यावं म्हणून स्वतःची अवस्था डिस्कवर लिहून झोपते. लिनक्सला ते दिसते, आणि दुसऱ्याचं सामान अर्धं उघडं आहे म्हणून ते डी फक्त वाचायला देते, लिहू देत नाही. हा बिघाड नाही, तुमच्या फाईली शाबूत राहाव्यात म्हणून घेतलेली काळजी आहे. रीस्टार्टमधे मात्र विंडोज पूर्ण बंद होते. आठवा बरं, कधी रीस्टार्ट करून थेट लिनक्समधे गेल्या असाल तर सेव्ह झालं असेल.

रानजाई · 9:02
परवा दुपारी झालं होतं! पोरगी उठली आणि मी लगेच रीस्टार्ट करून बसली. आता काय करू?

कोरडवाहू · 9:10
विंडोज उघडा. कंट्रोल पॅनल, त्यात पॉवर ऑप्शन्स. डाव्या बाजूला "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू" आहे, त्यावर जा. खाली "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप" समोर टिक असेल, ती काढा, सेव्ह करा आणि शट डाऊन करा.

लिपिक · 9:12
ताई, हिशोबातला मराठी मजकूर लिनक्समधे वेडावाकडा दिसत असेल तर तो जुन्या फाँटमधला असतो, युनिकोडमधे करून घ्या. लिनक्समधे इन्स्क्रिप्टचा कळफलक आधीच असतो, फक्त सेटिंगमधून जोडायचा.

रानजाई · 9:19
मजकूर ठीक दिसतो दादा. कोरडवाहू सर, ती ओळ सापडली, टिक पण आहे. पण सगळं फिकट दिसून राहिलं, क्लिकच होत नाही.

कोरडवाहू · 9:21
त्याच पानावर वर निळ्या अक्षरांत एक ओळ आहे, "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल". आधी तिच्यावर क्लिक करा, मग खालचं गडद होईल.

रानजाई · 9:24
झालं! टिक काढली. बंद करून येते.

टर्मिनलप्रेमी · 9:26
घड्याळाचं मात्र विंडोजमधेच दुरुस्त करायला हवं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) "रिअलटाइमइजयुनिव्हर्सल" ही नोंद टाकून तिची किंमत 1 ठेवली की विंडोजही जागतिक वेळ धरते. लिनक्सला स्थानिक वेळेवर आणलं तर ते स्वतःच इशारा देते की ही पद्धत बरी नाही.

कोरडवाहू · 9:31
तत्त्वानं तुमचं खरं आहे. पण तो इशारा मुख्यतः वेळेचा पट्टा बदलणाऱ्यांसाठी आणि उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे बारा महिने एकच वेळ. रात्री साडेनऊला ताईंना रजिस्ट्रीत पाठवणं मला बरोबर वाटत नाही. लिनक्समधे एका ओळीत होते.

रानजाई · 9:47
मधेच लाईन गेली होती, दहा मिनिटांनी आली. लिनक्स उघडलं. डीमधे एक शब्द लिहून पाहिला, सेव्ह झाला!! आता घड्याळाचं सांगा.

कोरडवाहू · 9:55
आधी हॉटस्पॉट लावा आणि घड्याळ खरी वेळ दाखवेपर्यंत थांबा. मग टर्मिनल उघडून इंग्रजी अक्षरांत टाइप करा. टाइम, डेट, सी, टी, एल हे सगळं एकत्र जोडून, मधे जागा नाही. मग एक स्पेस. मग सेट, आडवी रेघ (हायफन), लोकल, आडवी रेघ, आरटीसी. परत स्पेस, आणि 1 आकडा. सगळी अक्षरं लहान लिपीत. एंटर. पासवर्ड मागेल, तो भावानं ठेवला तो.

हे झालं की विंडोजमधे जाऊन तिथलं घड्याळ पाहा. मागे असेल तर एकदाच हातानं बरोबर करा.

रानजाई · 10:04
पहिल्यांदा "कमांड नॉट फाऊंड" आलं. टाइम आणि डेटच्या मधे जागा सोडली होती मी. दुसऱ्यांदा काहीच आलं नाही, नुसती नवी ओळ.

कोरडवाहू · 10:06
काही आलं नाही म्हणजे झालं. आता हॉटस्पॉट बंद करून दोन्हीकडे एकदा जाऊन या.

रानजाई · 10:29
विंडोजमधे गेली, 10:17. शट डाऊन केलं, लिनक्समधे आली, 10:26. मोबाईलशी लावून पाहिलं, मिनिटाचाही फरक नाही. ती 2:25 ची फाईल पुन्हा उघडून डीमधे सेव्ह केली, आता आजची तारीख आणि बरोबर वेळ दाखवते. ती टर्मिनलची ओळ मी हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली. सर, तुमचे लय उपकार झाले. बाकी सगळ्यांचे पण आभार. पोरीलाही सांगितलं, लाईनचा भरवसा नाही, सराव झाला की नीट शट डाऊन करूनच उठत जा.

कोरडवाहू · 10:33
एक करा ताई. उद्या बैठकीला जायच्या आधी डीमधल्या हिशोबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. आणि विंडोजचं एखादं मोठं अपडेट झालं की ती फास्ट स्टार्टअपची टिक परत आली का ते पाहत जा, कधी कधी येते.

बोंडअळी · 10:51
माझं पण हेच होऊन राहिलं, म्हणून याच धाग्यात विचारतो. मारेगावकडे राहतो. लाईन गेली आणि परत सुरू केला की घड्याळ चुकलेलं असते, एक पण साइट उघडत नाही, सगळीकडे लाल पान. मी पण ती टर्मिनलची ओळ टाकू काय?

कोरडवाहू · 10:53
तुमचं घड्याळ किती चुकते?

बोंडअळी · 10:56
1 जानेवारी 2009 दाखवते. दरवेळी तेच.

जुना_कारागीर · 10:58
तुमची बॅटरी गेली भाऊ. सीआर 2032. बदलताना आधी भिंतीवरचा प्लग काढजा, आणि जुनी काढण्याआधी तिची अधिक खुणेची बाजू वर आहे की खाली, ते मोबाईलमधे फोटो काढून ठेवजा.