हृदयासाठी ‘ड’च्या पुड्या?
‘ड’ जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो, म्हणून त्याच्या पुड्या सुरू करा, असा सल्ला दिला जातो. पहिला भाग बरोबर आहे, पण त्यातून दुसरा निघत नाही. आजारी माणूस घरातच बसून राहतो, ऊन मिळत नाही, तेव्हा ‘ड’ आजारपणामुळेही उतरलेलं असू शकतं. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २,००० युनिट ‘ड’ साधारण पाच वर्षं देऊन पाहिलं. हार्ट अटॅक, पक्षाघात काहीच कमी झालं नाही. २०१८ मध्ये हे निष्कर्ष आले.

आणि ही पुडी निरुपद्रवी नाही, हे मला कळकळीने सांगायचंय. फोंड्याला माझे मामा हृदयासाठी डिगॉक्सिन नावाचं औषध घेतात. त्यांना ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितली होती, ते रोज रात्री दुधात घालून घेत राहिले. ऐन पावसाळ्यात सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठ; मामीला वाटलं पित्त झालंय. मी गेलो तेव्हा बिस्किटांच्या डब्यात कापलेल्या पुड्यांचा ढीग होता. रक्तातलं कॅल्शियम खूप वाढलेलं निघालं, आणि डिगॉक्सिनवर असलेल्या माणसाला त्याने हृदयाचे ठोकेच बिघडू शकतात. ॲडमिट करावं लागलं. हाडांसाठी ‘ड’ कमी असेल तर जरूर घ्या, पण पुडीवर ‘फक्त रविवारी’ असं पेनाने लिहून ठेवा. मामी आता तेच करते.